शेंगदाणा : पारख आणि निगा

आषाढी एकादशीच्या दिवशी महाराष्ट्रातील एखाद्या सोवळ्या घरचे फराळाचे ताट वनस्पतिशास्त्राच्या जाणकारापुढे ठेवले, तर त्याला हसू आवरणे कठीण जाईल. कारण ज्या साबुदाण्याची खिचडी त्या ताटात मानाने बसलेली असते त्याचा कंद मूळचा ब्राझीलकडचा, तीत घातलेला बटाटा पेरूच्या डोंगराळ मुलखातला, तिला चव आणणारी मिरची मेक्सिकोकडची, आणि ज्याच्या कुटावाचून ती खिचडी खिचडीच होत नाही तो शेंगदाणा दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हिया व अर्जेंटिना यांच्या सरहद्दीच्या आसपास प्रथम लागवडीस आलेला. युरोपीय दर्यावर्द्यांनी, त्यांतही पोर्तुगिजांनी, सोळाव्या शतकापासून जे अनेक जिन्नस एका खंडातून दुसऱ्या खंडात नेले त्यांतलाच हा एक. धर्मशास्त्रकारांना ज्यांचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते अशा या परदेशस्थ पाहुण्यांना आमच्या आजीबाईंनी कोणत्याही शास्त्रीबुवांचा निर्णय न मागता उपासाच्या पंक्तीला बसवले, गहू-तांदळाला मात्र त्या दिवशी उंबऱ्याबाहेर ठेवले, आणि आता ही वहिवाट इतकी पक्की झाली आहे की, तिच्याविरुद्ध कोणी कैफियत मांडलीच तर ती दाखल करून घेण्यास कोठलेही दफ्तर तयार होणार नाही.

मात्र इतकी जवळीक झाल्यामुळेच की काय, शेंगदाण्याकडे निरखून पाहण्याची तसदी आपण घेत नाही. तांदूळ जुना की नवा याची चौकशी केल्यावाचून पुढे न सरणारी आणि गहू मूठभर तळहातावर पसरून पाहणारी चोखंदळ गृहिणीही दाण्यांच्या बाबतीत ‘अर्धा किलो द्या’ एवढे सांगून मोकळी होते, आणि मग पंधरा दिवसांनी कूट खवट का लागते, चटणी कडू का झाली, याचा दोष तिखटाला किंवा तव्याला देते. माझे मत असे आहे की, दाणा चांगला की वाईट हे त्याच्या जातीवरून वा बाजारभावावरून जेवढे ठरते, त्याहून अधिक ते त्यातील ओलीचा बंदोबस्त कोणी, केव्हा आणि किती धीराने केला यावरून ठरते. शेतातल्या वाफशापासून कढईखालच्या आचेपर्यंत हा एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुढे येत राहतो. यास्तव ज्यांच्याकडे थोडीबहुत जमीन आहे त्यांना, आणि ज्यांच्याकडे केवळ एक स्वयंपाकघर आहे त्यांनाही, उपयोगी पडेल असे काही येथे सांगण्याचे योजिले आहे.

भुईमुगाचे झाड आपले फूल वर उजेडात धरते आणि फळ मात्र मातीत लपवते. सकाळी उमललेले पिवळे, नाजूक फूल दुपारपर्यंत मलूल होते. बहुधा स्वतःच्याच परागाने त्याचे फलन झालेले असते, आणि त्यानंतर काही दिवसांनी त्या जागेवरून एक टोकदार, जांभळट देठ खालच्या दिशेने वाढू लागतो. यालाच शेतकरी आरी म्हणतात. आरी जमिनीत शिरली, तिला काळोख आणि ओल मिळाली, म्हणजेच तिच्या टोकाशी शेंग धरते. ज्या आऱ्या वरच्या वर अधांतरी राहतात त्या वाळून जातात. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली की, भुईमुगाच्या मशागतीतले पुष्कळसे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. जमीन मध्यम, भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी असावी असे का म्हणतात, तर चिकण काळ्या जमिनीचा वरचा थर वाळून टणक झाला म्हणजे आऱ्यांना आत शिरता येत नाही, आणि शिरल्याच तर काढणीच्या वेळी झाड हातात येते व शेंगा जमिनीतच राहतात. कोळपणी-खुरपणी पहिल्या सहा आठवड्यांत उरकून घ्यावी व झाडांना मातीची भर द्यावी, आणि एकदा आऱ्या जमिनीत उतरल्या की कोळप्याला शेतात पाऊल ठेवू देऊ नये, हेही याच कारणास्तव. तण राहिलेच असेल तर ते हाताने उपटावे. काही ठिकाणी याच सुमारास पिकावरून रिकामा ड्रम हलकेच फिरवतात. तो झाडांचा छळ वाटतो खरा, परंतु त्याने फांद्या जमिनीला टेकतात व अधांतरी आऱ्यांची सोय लागते.

दुसरी ध्यानात ठेवण्याजोगी बाब चुन्याची. शेंगेला भरण्यासाठी जे कॅल्शियम लागते ते बहुतांशी ती मुळांकडून न घेता सभोवतालच्या मातीतून स्वतःच शोषून घेते, आणि ते कमी पडले तर वरून फुगलेली व आतून पोकळ अशी पोचट शेंग हाती येते. सबब हेक्टरी २०० किलो जिप्सम पेरणीच्या वेळी आणि तितकेच पुन्हा आऱ्या सुटताना झाडांच्या बुंध्याशी देण्याची शिफारस आपल्याकडील कृषी विद्यापीठे करतात. नत्राची मात्र उधळपट्टी नको: हेक्टरी २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद एवढे पुरे होते, कारण बाकीच्या नत्राची तजवीज मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतून परस्पर करीत असतात. नत्र वाजवीपेक्षा अधिक झाले की पाला माजतो आणि शेंगा रुसतात.

पेरणी खरिपात जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, चांगला वाफसा पाहून करावी. उन्हाळी पीक मध्य जानेवारीनंतर, थंडीचा कडाका ओसरल्यावरच टाकावे, कारण जमीन गारठलेली असताना बी उगवण्यास फार दिवस घेते व तोवर अर्धे कुजून जाते. दाण्याच्या लहानमोठेपणानुसार हेक्टरी १०० ते १२५ किलो बियाणे लागते, आणि उपट्या, म्हणजे उभट वाढणाऱ्या, जातींसाठी दोन ओळींत ३० व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवतात. बियाणे शेंगांतच राखून पेरणीच्या तोंडावर फोडावे. आधीच फोडून ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते, शिवाय त्यांचे पातळ साल निघाले की बुरशीला दार मोकळे होते. फोडलेल्या बियांना प्रथम किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि त्यानंतर २५ ग्रॅम रायझोबियम चोळून त्या सावलीत सुकवाव्यात. जाती पुष्कळ आहेत. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राची फुले प्रगती, म्हणजेच जेएल-२४, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची टॅग-२४ या दोन नावांशी महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा परिचय जुना आहे. परंतु आपल्या तालुक्यात, आपल्या जमिनीत कोणती जात उतरते हे गावातल्या अनुभवी माणसाला विचारूनच ठरवावे, छापील जाहिरातीवर विसंबू नये. पाण्याचा ताण फुलोरा, आऱ्या सुटणे आणि शेंगा भरणे या तीन अवस्थांत पडू देऊ नये. इतर वेळी हे पीक बरेच सोशीक आहे.

भुईमुगाचा बेवड चांगला, म्हणून त्याच्यावर घेतलेला गहू किंवा ज्वारी जोमदार येते, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊकच आहे. अमेरिकेत अलाबामा प्रांतातल्या टस्कीगी येथे राहून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी तिकडच्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना, वर्षानुवर्षे कापूस घेऊन निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग पेरा, असे सांगितले ते याच तत्त्वाला धरून. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना हे चरित्र वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ सालच्या पुस्तकामुळे घरचे वाटते. दाण्याचे लोणी कार्व्हर यांनीच शोधून काढले असा जो समज रूढ आहे तो मात्र खरा नाही. त्यासंबंधीचे एक पेटंट कॅनडातील मार्सेलस एडसन यांनी १८८४ सालीच मिळवले होते. मला कार्व्हर यांचे मोठेपण निराळ्याच ठिकाणी दिसते. भुईमूग पेरा असे सांगून ते थांबले नाहीत. पिकाचे ढीग घरात आल्यावर त्याचे करायचे काय, हा शेतकऱ्याचा प्रश्न त्यांनी आपला मानला, आणि १९१६ साली भुईमूग कसा पिकवावा व माणसाच्या आहारासाठी तो एकशे पाच प्रकारांनी कसा सिद्ध करावा हे सांगणारी एक साधी पुस्तिका काढली. शेतीचा सल्ला बांधावर येऊन संपतो आणि पाकशास्त्राचा चुलीपासून सुरू होतो, मधल्या अंगणाचा वाली कोणीच नसतो, ही आपल्याकडची अवस्था पाहिली म्हणजे त्या पुस्तिकेची किंमत कळते.

ते मधले अंगण म्हणजेच काढणी आणि वाळवण, आणि दाण्याचे भवितव्य खऱ्या अर्थाने येथेच ठरते. पाने पिवळी पडली एवढ्यावरून पीक तयार झाले असे मानू नये. पाने टिक्का रोगानेही पिवळी पडून गळतात. शेताच्या निरनिराळ्या भागांतून चार झाडे उपटावीत, शेंगा फोडाव्यात आणि टरफलाची आतली बाजू पाहावी. कोवळ्या शेंगेत ती पांढरी, मऊ व किंचित कापसासारखी असते. शेंग पिकली की तीच बाजू तपकिरी-काळपट होते, तिच्यावरच्या शिरा उठून दिसतात, आणि दाण्याच्या सालीला त्या त्या जातीचा रंग चढतो. चारांतल्या तीन शेंगा अशा निघाल्या म्हणजे काढणीला हरकत नाही. उपट्या जाती यापुढे रानात ठेवणे धोक्याचे, कारण त्यांच्या बियांना विश्रांतीचा काळ नसतो आणि परतीच्या पावसाची एखादी सर आली की शेंगेतल्या शेंगेतच कोंब फुटतात. पसऱ्या जातींना या बाबतीत थोडी सवलत असते.

काढणीचे दिवस गावात गर्दीचे. शेंगा तोडण्याची मजुरी कित्येक ठिकाणी अजून पैशांऐवजी शेंगांच्या वाट्यानेच देतात, त्यामुळे बांधाच्या सावलीत झाडांचे भारे पुढ्यात घेऊन बसलेल्या बायकांचे हात आणि तोंडे सारख्याच वेगाने चालू असतात, आणि शेत मोकळे झाल्यावर लहान मुले सरवा वेचायला उतरतात. याच दिवसांत मीठ घालून उकडलेल्या ओल्या शेंगा खाव्यात. ज्याने त्या खाल्ल्या नाहीत त्याने भुईमूग अर्धाच खाल्ला, असे म्हणण्याचा मला मोह होतो. फक्त त्या त्याच दिवशी संपवाव्यात, कारण पाण्याने फुगलेला दाणा रात्रभर उबेत राहिला की दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होऊन आंबतो.

साठवणीच्या शेंगांचा मामला निराळा. उपटलेली झाडे शेंगा वर येतील अशी उलटी करून दोन-तीन दिवस रानातच वाळू द्यावीत, मग शेंगा तोडून ताडपत्रीवर वा सारवलेल्या कोरड्या खळ्यावर पातळ पसराव्यात, दिवसातून दोनतीनदा हात फिरवावा, आणि संध्याकाळी दवापासून वाचवण्यासाठी झाकून ठेवाव्यात. ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर येईपर्यंत हे चालू ठेवायचे असते. यंत्र हाताशी नसले तरी अडत नाही: शेंग कानाशी धरून हलवली असता दाणा खुळखुळला पाहिजे, दाताखाली तो लवचिकपणे न दबता कटकन तुटला पाहिजे, आणि दोन बोटांत चोळल्यास त्याची साल सुटली पाहिजे. उन्हाळी पिकाचे बियाणे राखायचे असेल तर मात्र मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात ते भाजून काढू नये. सावलीत, वारा खेळता ठेवून वाळवावे, म्हणजे उगवण टिकते.

या वाळवणीत घाई झाली तर काय होते, हे जगाला एका विचित्र प्रसंगाने कळले. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाच्या पक्ष्यांची पिल्ले अकस्मात मरू लागली आणि पाहता पाहता लाखभर दगावली. रोगाची साथ म्हणावी तर जंतू सापडेना. शोध घेता घेता तपास त्यांच्या खाद्यात घातलेल्या, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी येऊन थांबला, आणि त्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या हिरवट-पिवळ्या बुरशीने निर्माण केलेले विष आढळले. त्यालाच आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृताला घातक आहे, दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास कर्करोगाला निमंत्रण देते, आणि सर्वांत वाईट म्हणजे घरगुती भाजण्या-उकडण्याने ते नाहीसे होत नाही. बुरशीचे दाणे खरपूस भाजून खपवून टाकण्याची काटकसर म्हणून अगदी वर्ज्य समजावी.

बाजारात दाणे घेताना याच नजरेने पाहावे. दुकानदार घुंगरू, जाडा अशी नावे सांगतो, ती आकारमानाची व जातीची. लहान दाणा भाजायला व कुटाला खमंग, मोठा दाणा खारवून खायला दिसायला बरा, एवढा भेद लक्षात ठेवला तरी पुरे. पोत्याच्या तोंडाशी रचलेल्या दाण्यांवर भरवसा न ठेवता हात खोल घालून मूठभर वर काढावेत, मूठ क्षणभर मिटून नाकाशी न्यावी: कुबट वास आला तर पुढचे बोलणेच खुंटले. सुरकुतलेले दाणे बहुधा अपक्व काढणीचे असतात. ते भाजताना आधी करपतात. काळपट पडलेले, भोके पडलेले, फुटून आतला गर पिवळा झालेला दिसणारे दाणे मात्र निवडून टाकण्याच्या लायकीचेच. दोन-चार दाणे कच्चेच चावून पाहावेत; चांगल्या दाण्याची चव दुधाळ व किंचित गोडसर लागते, आणि जिभेच्या मागे कडवटपणा रेंगाळला तर तो माल कितीही स्वस्त असला तरी महाग आहे. शेंगाच घेत असाल तर दहा किलो चांगल्या वाळल्या शेंगांतून सुमारे सात किलो दाणे निघतात, हा हिशोब मनात ठेवून भाव जुळवावा.

साठवणीत शेंग सर्वांत टिकाऊ, कच्चा दाणा त्याहून कमी, भाजलेला त्याहून कमी, आणि कूट सर्वांत अल्पायुषी. कारण दाण्यात जवळजवळ निम्मे तेल आहे, आणि जसजशी आवरणे निघत जातात तसतशी हवा त्या तेलाला भिडते व ते खवट होते. म्हणून वर्षाचा साठा करायचा तर तो शेंगांचा करावा, महिन्याचा कच्च्या दाण्यांचा, आणि कूट आठवड्याला लागेल तेवढेच करावे. पावसाळ्याच्या आधी दाण्यांना एक चांगले ऊन दाखवावे आणि पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. गरम दाणे भरले तर त्यांचाच घाम डब्यात सुटतो. ओल्या हाताने किंवा ओल्या वाटीने डब्यातले दाणे काढण्याची सवय ज्या घरात असेल त्या घरी दाणे टिकत नाहीत असा अनुभव आहे.

आता भाजणे. याइतकी सोपी समजली जाणारी आणि याइतकी हटकून बिघडणारी क्रिया स्वयंपाकघरात दुसरी नसेल. लोखंडाची जाड कढई घ्यावी, तिच्यात दाण्यांचे दोनच थर होतील एवढे दाणे घालावेत, आच मंद ठेवावी आणि कालथा थांबू देऊ नये. पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात दाण्यातली उरलीसुरली ओल या वेळात बाहेर पडत असते, आणि ती पडण्यापूर्वीच अधीरपणाने आच वाढवली तर साल काळी पडते व आतला दाणा कच्चट राहतो. हळूहळू वास पालटतो, कच्च्या कडधान्याचा वास जाऊन खमंगपणा येतो, तडतड ऐकू येऊ लागते, सालीवर डाग उठतात. एक दाणा बाहेर काढून निववावा व चोळावा. साल सहज सुटली आणि दाणा आतून फिकट बदामी दिसला की कढई उतरवण्याची वेळ झाली. दाण्याच्या पोटातली उष्णता उतरवल्यावरही त्याला भाजत राहते, त्यामुळे मनाजोगा रंग येण्याच्या किंचित आधीच ते परातीत पसरावेत आणि चुकूनही झाकू नयेत, नाहीतर वाफ धरून ते मऊ पडतात. भडभुंज्याच्या भट्टीतले दाणे अधिक एकसारखे भाजलेले असतात ते तापलेल्या वाळूमुळे. ती प्रत्येक दाण्याला चोहोबाजूंनी सारखी भिडते. घरी कढईत जाडे मीठ तापवून त्यात भाजल्यास जवळपास तसाच परिणाम साधतो, आणि ते मीठ चाळून पुन्हा वापरता येते.

दाणे पूर्ण निवल्यावर तळहातांत चोळून सुपात पाखडावेत. कूट जाडसर ठेवावे; खलबत्त्यात ते आपोआप तसे होते, मिक्सरमध्ये करायचे तर क्षणभर फिरवून थांबायचे, पुन्हा फिरवायचे, असे केले पाहिजे, नाहीतर तेल सुटून त्याचा लगदा होतो. खिचडीला भरड कूट लागते, कोशिंबिरीला थोडे बारीक, भरल्या वांग्याला मधले. काकडीच्या कोशिंबिरीत कूट अगदी वाढण्याच्या वेळी घालावे, कारण मिठाने काकडीला पाणी सुटते, कूट ते पिऊन घेते आणि अर्ध्या तासात कोशिंबिरीचा गोळा होतो. उपासाच्या आमटीला मात्र हीच तहान कामी येते. पाण्यात वाटून घातलेल्या दाण्यांनीच ती दाट होते.

या सगळ्या प्रकारांत मानाचा पाट कोणाला द्यायचा असे विचाराल, तर मी तो निःशंकपणे सोलापूरकडच्या शेंगाचटणीला देईन. ज्वारीच्या त्या कोरड्या मुलखात कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, आणि तिच्या जोडीला तितकीच टिकणारी चटणी हवी, या गरजेतून तिचे रूप ठरलेले दिसते. भाजून सोललेले दाणे, लाल तिखट, जिरे, लसणाच्या पाकळ्या आणि मीठ. पाण्याचा थेंबही नाही. हे सारे उखळात घालून कुटायचे. प्रथम दाण्यांचे तुकडे होतात आणि ते इकडेतिकडे उडतात, मग कोरडी भरड होते, आणि येथे नवखा मनुष्य काम झाले असे समजून थांबतो. जाणती बाई थांबत नाही. तिचे मुसळ त्याच लयीत पडत राहते, भरडीचे कण एकमेकांना धरू लागतात, लसूण दिसेनासा होतो, आणि काही वेळाने उखळाच्या कडेला तांबूस तेलाची चमक उमटते. ती दिसली की मुसळ बाजूला ठेवायचे. अशी चटणी ढेकळांनी निघते, बोटाने दाबली की विरते, आणि तिच्यावर वेगळे तेल घेण्याची गरज पडत नाही. तीत पाण्याचा अंश नसल्यामुळे ती बरणीत पंधरा दिवस सहज टिकते. मिक्सरच्या पात्याखाली तिचे पीठ होते, चव बरी लागते, पण ती चमक येत नाही. त्याच भागातली शेंगापोळी आणि जाड्याभरड्या दाण्यांचा म्हाद्याही करून पाहण्याजोगे आहेत. त्यांची कृती तिकडच्या एखाद्या मावशींकडून प्रत्यक्ष पाहून शिकावी, लिहून सांगण्यात तिचा निम्मा अर्थ निसटतो.

खावेत किती, याविषयीही दोन शब्द. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने आणि साडेपाचशेंहून अधिक उष्मांक असतात. म्हणजे अंगमेहनतीच्या माणसाला याच्यासारखे स्वस्त व सकस अन्न नाही, आणि बैठ्या माणसाला दिवसाकाठी एक मूठ पुरेशी आहे. दाण्यांचे भक्त असलेल्या गांधीजींनी आपल्या आत्मकथेत कबूल केले आहे की, १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांचा आहार मुख्यतः दाण्याचे लोणी आणि लिंबू एवढाच होता, ते लोणी अती झाल्यास बाधते हे ठाऊक असूनही त्यांनी हात आवरला नाही, आणि त्यातून पोट बिघडून पुढे मोठेच दुखणे ओढवले. चार-पाच वर्षांच्या आतील मुलांना अख्खे दाणे मुळीच देऊ नयेत. हसता-रडताना दाणा श्वासनलिकेत जातो आणि घरातल्यांना काही कळण्याआधी जीव धोक्यात येतो. त्यांना कूट किंवा लाडू द्यावा. काही थोड्या माणसांना दाणा मुळातच सोसत नाही. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ डॉक्टर गाठावा.

तेलाविषयी थोडक्यात. घाण्याचे गोडे तेल वासाला व चवीला श्रेष्ठ यात वाद नाही, परंतु कारखान्यातल्या शुद्धीकरणात जे विषारी अंश निघून जातात ते घाण्याच्या तेलात राहू शकतात. म्हणून जवळपास लाकडी घाणा असेल तर स्वतः निवडलेले दाणे घेऊन जावे आणि समोर बसून तेल काढून आणावे. उरलेली पेंड दुभत्या जनावराला उत्तम, पण तीही कोरडी ठेवावी. बुरशीच्या पेंडीतले विष गायी-म्हशींच्या दुधात उतरते व फिरून आपल्याच पेल्यात येते.

राहता राहिली टरफले. ती कोणी उचलायची हा लोकमान्यांच्या शाळेतला वाद मराठी मुलांना तोंडपाठ असतो. ती उचलून नेमकी कोठे टाकायची, याचा विचार मात्र त्या गोष्टीत कोणी केलेला नाही. टरफले कुजायला फार वेळ घेतात, सबब खतासाठी ती चुरून शेणकाल्यात भिजवून खड्ड्यात टाकावीत; न कुजवता कुंडीतल्या मातीवर दोन बोटे जाड थर दिला तर उन्हाळ्यात पाण्याची चांगली बचत होते, आणि कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरायलाही ती बरी. निवडताना बुरशीची म्हणून बाजूला काढलेली टरफले मात्र कुंडीत, खड्ड्यात किंवा खुराड्यात जाऊ देऊ नयेत. ती दाण्यांसकट बंबात घालावीत.